एकतीस फोटोंतली बाई

लग्नाच्या अल्बममध्ये एका शीटवर सहाहून जास्त फोटो मी लावत नाही. शीट म्हणजे अल्बम उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं मिळून एक. उंची बारा इंच, रुंदी छत्तीस इंच. बरोबर अठराव्या इंचावर घडी येते. घडीवर माणसाचा चेहरा येऊ द्यायचा नाही हा या कामातला पहिला नियम. बहुतेक जण घडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा सोडतात. मी पाऊण इंच सोडतो. अर्ध्या इंचात कधीतरी एखाद्या मामाचं नाक दोन पानांत वाटलं जातं.

हे काम मी सात वर्षं करतोय. त्याआधी बावीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होतो. समोरून माल सरकत यायचा, त्यातला डागाळलेला, वाकलेला, जाडीत कमीजास्त असलेला तुकडा बाजूला काढायचा. कारखाना बंद झाला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. कर्जतमध्येच फोटो एडिटिंगचा तीन महिन्यांचा क्लास होता, तिथे नाव घातलं. वर्गात माझ्याखालोखाल वयाने मोठा विद्यार्थी बावीस वर्षांचा होता. सर मला काका म्हणायचे आणि मी त्यांना सर म्हणायचो.

काम मला जमलं, कारण ते जुनंच काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडायचा, शंभर टक्क्यांवर आणायचा आणि डावीकडून उजवीकडे तपासत जायचं. नवरीच्या डोक्यामागे विजेचा बोर्ड दिसतोय, काढायचा. मांडवात पाण्याच्या बाटलीचं खोकं दिसतंय, काढायचं. मागून कोणी अनोळखी माणूस जेवणाच्या ताटासकट जातोय, त्यालाही ताटासकट काढायचं. पूर्वी याला प्रत्येकी वीस मिनिटं लागायची. आता माणसाभोवती रेघ मारली की सॉफ्टवेअर स्वतःच त्या जागी मांडवाचं कापड भरतं. एका माणसाला चाळीस सेकंद.

त्याशिवाय माझा एक तक्ता असतो. अल्बममध्ये वराकडचे किती चेहरे आले आणि वधूकडचे किती, हे मी मोजतो. फरक दहाच्या वर जाऊ देत नाही. एकदा नेरळच्या एका लग्नात वराची आत्या एकाही पानावर आली नव्हती. ती फोटोग्राफरच्या स्टुडिओत येऊन बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. तेव्हापासून तक्ता.

फोटो मला कर्जतच्या बाजारपेठेतला एक फोटोग्राफर देतो. त्याचा स्टुडिओ आहे, चाळिशीचा गृहस्थ आहे, कामाला चांगला आहे, पण बोलायला त्याला सवड नसते. हार्ड डिस्क टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "काका, नेहमीसारखं." गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाची डिस्क देतानाही त्याने एवढंच सांगितलं.

त्या लग्नाबद्दल मला जे नंतर कळलं ते इथे आधीच सांगून टाकतो. मला आधी कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मुलगा खालापूर तालुक्यातला, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीवरचा. एका फार्महाऊसची देखभाल करतो. मुलगी त्यांच्याच समाजातली, पण तिचे वडील वीस वर्षांपूर्वी वाडी सोडून हमरस्त्यावरच्या गावात आले, टेंपो चालवतात. वाडीवर लग्न लावते धवलारीण. प्रत्येक विधीला म्हणायची गाणी असतात, त्यांना धवळे म्हणतात. ते जिला येतात ती धवलारीण. हळदीपासून शेवटच्या अक्षतेपर्यंत गाणं तिचं आणि सूत्रंही तिच्याच हातात. मुलीच्या वडिलांचं म्हणणं पडलं की रस्त्याच्या गावात आता भटजी बोलावतात, तेव्हा भटजी हवा. मुलाकडच्यांनी सांगितलं, आमची म्हातारी जिवंत असताना दुसरं कोणी लग्न लावणार नाही. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी ठरलं की दोघंही येतील. म्हातारी पूर्वी सहा वाड्यांवर लग्नं लावायची. चार वाड्यांनी भटजी धरला होता. दोन उरल्या होत्या, त्यातली एक ही.

यातलं काहीही हार्ड डिस्कमध्ये नव्हतं. हार्ड डिस्कमध्ये दोन कॅमेऱ्यांचे मिळून दोन हजार सहाशे चाळीस फोटो होते.

निवड तुम्हीच करा, असं मुलाने कळवलं होतं. मी तीस शीटांसाठी एकशे ऐंशी फोटो निवडले. भटजींचे फोटो स्वच्छ होते. पांढरं उपरणं, हातात पंचपात्री, चेहरा कॅमेऱ्याकडे. ते चौदा फोटोंत आले. माझ्याकडे तयार पानांचे नमुने असतात, टेम्प्लेट म्हणतात त्यांना. त्यांवर आधीच 'कन्यादान', 'सप्तपदी' अशी सोनेरी अक्षरं असतात. फोटो त्या चौकटींत बसवले.

अडचण एकच होती. नवरीच्या डाव्या बाजूला एक म्हातारी. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात सूप, आणि प्रत्येक फोटोत तोंड उघडं. उघड्या तोंडाचा फोटो मी घेत नाही, तो माणसाला आवडत नाही. पण ही सगळीकडेच होती. कुठे नवरीच्या खांद्यावरून डोकावतेय, कुठे नवरा-नवरीच्या मधून हात घालतेय, कुठे थेट कॅमेऱ्याच्या आड आलीय. मला वाटलं, शेजारची कोणी हौशी बाई असेल. अशी एक प्रत्येक लग्नात असते. एकशे ऐंशीपैकी एकतीस फोटोंत ती होती. एकतीसच्या एकतीस फोटोंतून मी तिला काढलं. तासाभराच्या आत झालं. तक्त्यात तिची नोंद केली नाही, कारण ती कुठल्या बाजूची हे माहीत नव्हतं.

मग पानं लहान करून मंजुरीसाठी मुलाच्या फोनवर पाठवली. ही नेहमीची पद्धत आहे. होकार आला की छपाईला द्यायची.

होकार आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि त्याची आई घरी आले. आईने चपला बाहेर काढल्या, पाय पुसले आणि खुर्चीवर न बसता थेट कॉम्प्युटरपाशी आली. तिने मुलाचा फोन माझ्यापुढे धरला.

"भाऊ, ह्यो हात कोनाचा हाय?"

नवव्या शीटवर नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून बसलेले होते. नवऱ्याच्या डोक्यावर एक हात होता. मनगटावर गोंदण, दोन बांगड्या. मनगटाच्या पलीकडे मांडवाचं पिवळं कापड सुरू होत होतं. मी दोनशे टक्क्यांवर मोठं करून पाहिलं. हात निःसंशय होता आणि तो कोणालाही जोडलेला नव्हता.

"राहून गेला," मी म्हटलं. "लगेच काढतो."

"काडू नका!" ती म्हणाली. "हात तरी ऱ्हाऊं द्या. बाकीची म्हातारी कुठं गेली त्ये सांगा."

"कुठली म्हातारी?"

"लगीन लावनारी."

मी सांगितलं की लग्न भटजींनी लावलेलं आहे, ते चौदा फोटोंत आहेत. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भटजी अर्धा तास व्हता, काका," मुलगा म्हणाला. "त्याला पुढं नेरळला दुसरं लगीन व्हतं. सारका फोन बघत व्हता."

"आनि म्हातारी दोन दिस गात व्हती," आई म्हणाली. "घसा बसला तरी गात व्हती. तिला तुमी पुसलीत. मग लगीन लावलं कोनी?"

मग मुलाने पुढचं सांगितलं. माझी पानं त्याने बायकोला दाखवली, बायकोने वडिलांना पाठवली, आणि वडिलांनी रस्त्याच्या गावात आणि वाडीवर ज्याच्याकडे फोन आहे त्या प्रत्येकाला पाठवली. खाली लिहिलं होतं, लग्न भटजींनीच लावलं, पुरावा पाहा. आता धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि तिकडे म्हातारीला बोलावणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वाडीवरची दोन घरंही म्हणायला लागली होती की फोटोत सुद्धा येत नाही तर म्हातारी हवी कशाला.

"तिने पाहिलं का हे?" मी विचारलं.

"बघितलं ना," आई म्हणाली. "येवडंच म्हनली, माजा हात कशाला ठेवला?"

चहा घेऊन बायको आली होती. ती प्राथमिक शिक्षिका आहे आणि तिची अकरा वर्षं डोंगराकडच्या वाड्यांवरच्या शाळांत गेलेली आहेत. तिने ट्रे ठेवला, पडद्यावरचा हात पाहिला, मूळ फोटो उघडायला लावला आणि कप न देता उभी राहिली.

"अहो, ही धवलारीण आहे."

"ते आत्ता कळलं."

"तुम्ही लग्न लावणारीलाच मांडवातून हाकलून दिलंत!"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलंत कोणाला? मी इथे दहा फुटांवर पोळ्या करत होते."

मुलाच्या आईला हे बोलणं आवडलेलं दिसलं. ती त्यानंतर खुर्चीवर बसली.

म्हातारीला परत आणणं अवघड नव्हतं. मूळ फोटो मी कधीही पुसत नाही, वेगळे ठेवतो. संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस फोटोंत ती आपापल्या जागी आली. पण ती परत आल्यावर पानं चुकीची दिसायला लागली. ती नव्हती तेव्हा नवरा-नवरी नुसते बसलेले वाटायचे. आता दिसत होतं की ती त्यांच्याकडून काहीतरी करून घेतेय आणि ते काय, हे मला माहीत नव्हतं. वर 'कन्यादान' लिहिलेलं आणि खाली म्हातारी सुपात तांदूळ पाखडतेय. कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर, याचाही पत्ता लागेना. वेळेप्रमाणे लावले तर हळद धुऊन झालेली नवरी पुढच्याच पानावर पुन्हा पिवळी होत होती. आधी मी अशी पानं 'क्षणचित्रं' म्हणून मागे टाकली होती.

फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्यांच्यातलं मला काय विचारता? मी जे दिसलं ते काढलं. तुम्ही नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं मी एकदा केलेलं होतं. रविवारी मुलाला घ्यायला बोलावलं आणि लॅपटॉप पाठीला लावून त्याच्या मोटरसायकलवर बसलो. डांबरी रस्ता संपल्यावर वीस मिनिटं चालायचं होतं. लॅपटॉपची बॅटरी तीन तास चालते, म्हणून चालताना तो बंद ठेवला.

म्हातारी तिच्या पडवीत मोहाच्या बिया फोडत बसली होती. वय विचारलं तर तिला माहीत नव्हतं. मी सत्तर ते पंचाहत्तर धरलं.

"ये रं बाबा," ती म्हणाली. "तूच का मला पुसनारा?"

हो म्हटलं.

"चांगली पुसलीस. येवडी स्वच्छ मी आंगोळीनं बी झाली नाय कदी."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी माफी मागून घेतली. तिने ती ऐकली की नाही समजलं नाही, कारण तोवर लॅपटॉप सुरू झाला होता आणि ती पडद्याला नाक लावून बसली होती. मी एकेक फोटो दाखवत गेलो आणि वहीत आकडे घालत गेलो. मला वाटलं होतं, ती विधींची नावं सांगेल. ती गाण्यांची सांगत होती.

"ह्ये थांबीव. इथं मी उंबराला बोलावत्ये." पुढचा. "इथं दिवा. बघ ना, त्वांड कसं गोल झालंय, दिव्याच्या गान्यातच त्ये तसं व्हतं. ह्यो हळद धुतल्यावर घे."

"आणि हा पुढचा, दुसऱ्या दिवशीचा असेल?"

"दुसऱ्या दिशी माज्या कपालाला कुकू पुसाट झालं व्हतं. इथं कोरं हाय. आदल्या दिसाचा."

मोठा करून पाहिला. कुंकू अखंड होतं.

'सप्तपदी' असं लिहिलेल्या पानावर नवरा-नवरी खांबाभोवती फिरत होते. ती अक्षरं नातीकडून वाचून घेऊन ती म्हणाली, "सात कुठं रं? आमच्यात पाच फेरं."

सात वर्षांत चारशे अल्बम केले, प्रत्येक चेहरा मोजला, पण फेरे मोजले नव्हते. मूळ फोटोंत ते सहज मोजता येत होते. पाचच होते.

दिव्याच्या गाण्यापाशी आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, दिव्याचं गाणं हळद धुतल्यानंतर. फोटोवरची वेळ सांगत होती की त्याआधी. मी तिला म्हटलं, फोटोत कॅमेरा स्वतः वेळ टाकतो, तो चुकत नाही. ती म्हणाली, "मंग कॅमेऱ्याला गानं म्हनाय सांग."

मी दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारीशेजारी लावले. एका क्षणी मांडवात एक बकरी शिरली होती आणि दोन्ही छायाचित्रकारांना ती काढावीशी वाटली होती. बकरी तीच, वर केलेला पाय तोच, तिला हाकलणारा माणूस तोच. एका कॅमेऱ्यात दहा वाजून बारा मिनिटं, दुसऱ्यात दहा वाजून एकोणसाठ. दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं पुढे होतं. पहिल्या कॅमेऱ्याची वेळ बरोबर धरून दुसऱ्याच्या सगळ्या फोटोंतून सत्तेचाळीस वजा केले आणि क्रम पुन्हा लावला. तिने सांगितलेल्या क्रमाशी एकूण एक जुळला. दिवा हळद धुतल्यानंतरच आला.

"बकरी कोनाची?" तिने विचारलं. कोणाचीतरी निघाली. त्यावर दहा मिनिटं गेली.

शेवटी ती म्हणाली, "एक इचारू? माज्या त्वांडात म्होरलं दात नायत. त्ये घालता येतात का त्याच्यात?"

"येतात. पण मी घालत नाही. फोटोत जे नव्हतं ते मी घालत नाही."

"व्हतं त्ये काडतोस मातर."

काढणं आणि घालणं यांत मी सात वर्षं फरक करत आलो होतो. काढलेल्या वस्तूमुळे खोटं होत नाही, घातलेल्या वस्तूमुळे होतं, असा माझा हिशेब होता. विजेच्या बोर्डापुरता तो बरोबर आहे.

"आनि भटजी?" तिने विचारलं. "त्याला कुठं घालशील?"

"जिथे होता तिथे."

"घाल. उपाशीच आलता बिचारा, आनि उपाशीच पलाला."

बॅटरी बारा टक्के उरली तेव्हा मी निघालो.

अल्बम पहिल्यापासून नव्याने केला. तयार टेम्प्लेट एकही वापरलं नाही. सोनेरी अक्षरं काढली. तिने सांगितलेली गाण्यांची नावं साध्या अक्षरांत पानाच्या खाली लिहिली. तोंड उघडं म्हणून आधी बाजूला टाकलेले बावीस फोटो परत घेतले. त्यांत ती नीट दिसत होती. भटजींचे चौदापैकी चार ठेवले, कारण बाकीचे दहा जवळजवळ सारखेच होते. तीस शीटांची बत्तीस झाली. बायको रोज संध्याकाळी मागे उभी राहून पाहायची. सतराव्या शीटला म्हणाली, "आता लग्न लागल्यासारखं वाटतंय." म्हातारी आता त्रेपन्न फोटोंत होती. तक्त्यात मी तिच्यासाठी तिसरा रकाना केला.

एरवी अल्बम द्यायला मी जात नाही. त्या वेळी फोटोग्राफरबरोबर गेलो. मुलाच्या घरी दोन्हीकडची माणसं जमली होती. मुलीचे वडील मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. म्हातारी दाराच्या बाजूला जमिनीवर होती.

मुलाने पानं उलटायला सुरुवात केली. सातव्या शीटला मुलीचे वडील म्हणाले, "आमचा भटजी कुठाय?"

"एकविसाव्या शीटवर," मी म्हटलं. "आणि बाविसाव्या."

"बस? आदी तर लय व्हता. ह्या लोकांनी शिकवलं तुमाला?"

"कोणी शिकवलं नाही. वेळा पाहिल्या."

"कसल्या येला?"

मी वही उघडली. मला वाद घालता येत नाही, आकडे वाचता येतात. भटजींचा पहिला फोटो दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा, शेवटचा बारा चौतीसचा. एकोणतीस मिनिटं. त्यातली सहा मिनिटं ते फोनवर आहेत, तीन फोटोंत. म्हातारीचा पहिला फोटो आदल्या दिवशी संध्याकाळी चार वीसचा, शेवटचा लग्नाच्या दिवशी दुपारी सव्वादोनचा. मधली झोप सोडली तर चौदा तास पंचावन्न मिनिटं.

टेंपोवाल्या माणसाला वेळ समजते. भाडं किती वाजता भरलं, किती वाजता उतरलं, यावरच त्याचा दिवस चालतो. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"एकोनतीस?"

"एकोणतीस."

"मला म्हनला, पूर्ण विधी करतो. पूर्ण!" ते मुलाकडे वळले. "तू व्हतास ना रं तिथं? बोलायचं नाय?"

"मी नवरा व्हतो, मामा," मुलगा म्हणाला. "मला मान खाली घालाय सांगितली व्हती."

बायका हसायला लागल्या. मुलीच्या वडिलांनी अल्बम स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि एकविसावं शीट काढलं. मग मागे गेले, पहिल्यापासून एकेक पान सावकाश पाहिलं. एका ठिकाणी थांबले. म्हातारीने नवरीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरलेला होता आणि ती गात होती. मुलगी रडत होती. तिच्यामागे ते स्वतः उभे होते आणि तेही रडत होते. हा फोटो पहिल्यांदा मी घेतलाच नव्हता. तिघांचीही तोंडं उघडी होती.

"ह्ये कवाचं?" त्यांनी विचारलं.

मी वेळ सांगणार होतो, पण प्रश्न मला नव्हता. म्हातारी जागेवरूनच म्हणाली, "लेक परक्या घरी द्यायचं गानं. तू लय रडलास त्या वक्ताला. भटजी तवर नेरलला पोचला आसंल."

त्यांनी अल्बम मिटला, परत उघडला.

"धाकटीचं लगीन हॉलमदी हाय," शेवटी ते म्हणाले. कोणाकडे न पाहता म्हणाले. "हॉल एकाच दिवसाचा भेटलाय."

"एका दिसात मी लगीन लावत नाय," म्हातारी म्हणाली.

"दोन दिस हॉल कुठनं आनू?"

"नको आनू. एका दिसाचं लगीन भटजीकडनं लावून घे."

"आगं, तसं नाय म्हनत मी!"

"मंग कसं म्हनतोस?"

मुलाची आई मध्ये पडली. हळद आदल्या दिवशी घरी करता येईल, ती म्हणाली, घराला हॉल लागत नाही. म्हातारीने विचार केला. संध्याकाळी मांडवासाठी उंबराची फांदी आणायची असते, ती घरीच लागते. दिवा हॉलमध्ये चालेल, वारा नसेल तर. असं एकेक गाणं कुठे बसतं ते ती बोटांवर मोजत गेली आणि मुलीचे वडील प्रत्येक बोटाला मान हलवत गेले. दीड दिवसावर जमलं.

"पन हॉलमदी डीजे सांगितलाय मी," ते म्हणाले.

"त्याला गप कर."

"किती येल?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "सांग रं बाबा, किती येल गात व्हते मी दुसऱ्या दिशी?"

मी वहीत पाहून सांगितलं. विश्रांती आणि बकरी सोडून तीन तास दहा मिनिटं.

"तीन तास डीजे गप?" मुलीचे वडील म्हणाले. "पावनं काय करतील?"

"ऐकतील," म्हातारी म्हणाली. "नायतर जेवतील."

ते उठून अंगणात गेले. फोन कानाला लावलेला होता आणि आवाज घरात स्पष्ट ऐकू येत होता. पलीकडच्याला ते सांगत होते, डीजे दुपारी दीडच्या नंतर. नाही, त्याआधी नाही. त्याआधी आमचं लग्न आहे.